ताऱ्यांतील लिथियमची तूट

सिंह राशींत एक अतिवृद्ध तारा आहे; ज्योतिषांच्या यादींत तो एच. डी. ८४९३७. आम्हां आळंदीकरांस तो दिसत नाहीं, पण त्यांत चाकणच्या कारखान्यांच्या उजेडाचा दोष नाहीं. तो मुळांतच मंद आहे. त्यांत लोह सूर्याच्या शतांशाहूनही कमी, म्हणजे तो विश्वाच्या बाल्यांतला.

महास्फोटानंतर पहिल्या कांहीं मिनिटांत हायड्रोजन व हीलियम यांजबरोबर किंचित् लिथियमही उत्पन्न झालें, असें गणित सांगतें. १९८२ सालीं फ्रान्समधील स्पीत दांपत्यानें अशा जुन्या ताऱ्यांत तें मोजलें. प्रमाण बहुतेकांत सारखेंच भरलें. परंतु आजच्या गणिताशीं ताडतां तें सुमारें तिपटीनें कमी पडतें.

लिथियमचे अणू दोन वजनांचे, ६ व ७. दोहोंच्या वर्णरेषा ६७०.८ नॅनोमीटरपाशीं इतक्या चिकटलेल्या कीं, रेषेच्या एका अंगाचा फुगवटा पाहूनच सहाचा अंश ठरवावा लागतो. १९९३ सालीं उपर्युक्त ताऱ्यांत तो सांपडल्याचें जाहीर झालें. पण उसळणारा वायूही तसाच फुगवटा आणतो; २०१३ सालीं तें सारें हिशेबांत धरतां पुरावा विरला.

पुण्याच्या आयुकाचे संस्थापक-संचालक कै. जयंतराव नारळीकर यांस महास्फोट मान्य नव्हता. लिथियमची तूट हा त्यांचाच विजय, असें कांहीं वाचकमित्रांस वाटतें. आम्हांस त्यांजविषयीं नितांत आदर आहे, तरी हें पटत नाहीं. ड्यूटेरियम व हीलियम यांचा जमाखर्च चांगला जुळतो. आणि हजार कोटींहून अधिक वर्षांत ताऱ्यानें आपलें लिथियम खोल पोटांत उतरविलें असणेंही शक्य आहे. तितकेंच कारण पुरेसें आहे काय, हा वाद मात्र अद्याप चालू आहे.