एका मिलिमीटरचा हिशेब

तराजूचा काटा, कापडाचा गज आणि सराफाची गुंज ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, त्या घरांना मापाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. मात्र दारात उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनातही असेच एक नाजूक माप दडलेले असते, याकडे सहसा लक्ष जात नाही. स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधील फट हे ते माप होय. बहुतेक मोटारींत ती ०.७ ते १.१ मिलिमीटर असते.

कोल्हापूरचे नाव ऑइल इंजिनांनी दूरवर पोहोचवले. शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांच्या हातून घडलेल्या डिझेल इंजिनांना स्पार्क प्लगची गरज नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. पेट्रोल व सीएनजी इंजिनाला मात्र ठिणगी लागते, आणि प्रत्येक ठिणगीबरोबर प्लगच्या टोकाचा धातू कणाकणाने झिजतो. कोल्हापूर ते पुणे हे सुमारे २३० किलोमीटरचे अंतर चार तासांत कापताना इंजिन मिनिटाला सरासरी २,४०० फेरे घेत असेल, तर एका प्लगमधून २ लाख ८८ हजार ठिणग्या पडतात. झीज होते आणि फट रुंदावते.

फट रुंद झाली की ठिणगी मध्येच चुकते. अरुंद राहिली तर ती दुबळी पडते. दोन्ही प्रकारांत गाडी चढावर अडखळते व पेट्रोल वाया जाते. खरे नुकसान त्याहून मोठे आहे. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते व तो भाग अतितप्त होऊन निकामी होतो. प्लगच्या किमतीच्या कित्येक पट खर्च मग पदरी येतो. म्हणून इंजिनचा दिवा लुकलुकू लागल्यास गाडी तशीच दामटू नये.

१९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पद्मिनीसारख्या गाड्यांच्या काळात प्लग काढून फट तपासणे हे चालकाचे नेहमीचे काम होते. साधे निकेलचे प्लग असणाऱ्या गाडीत ते आजही करता येते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. एका वेळी एकच प्लग काढावा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही.

प्लगचे टोक इंजिनाची रोजकीर्दच असते. फिकट तपकिरी रंग असेल तर व्यवहार ठीक आहे. कोरडी काजळी दिसल्यास पेट्रोल जास्त जात आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट ओल असेल तर इंजिनातील ऑइल आत झिरपत आहे. पांढरेफटक, फोड आलेले टोक अतिउष्णतेची खूण समजावी. अशा वेळी केवळ फट जुळवून भागत नाही, मूळ दोष शोधावा लागतो.

गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाची फिलर गेजची पट्टी फटीत सरकवावी. ती किंचित घासत सरकली म्हणजे माप बरोबर. कमीजास्त असल्यास बाजूचे वाकलेले टोक अगदी हलक्या हाताने वाकवावे. मधल्या टोकावर किंवा चिनी मातीवर जोर कधीही देऊ नये. प्लग परत बसवताना आधी हातानेच फिरवावा आणि शेवटी पान्याने पुस्तिकेत सांगितल्याइतकाच आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले की दुरुस्ती महाग पडते.

इरिडियम व प्लॅटिनम प्लगांची गोष्ट वेगळी. त्यांची टोके इतकी नाजूक असतात की पट्टी घालून खटपट केल्यास ती मोडतात किंवा खरवडली जातात. त्यांची फट कारखान्यातच जुळवलेली असते. मुदत संपताच ते बदलावेत. सीएनजीला ठिणगीसाठी अधिक व्होल्टेज लागते, म्हणून अशा गाडीसाठी उत्पादकाने सांगितलेलाच प्लग आणि तेच माप घ्यावे.

गाडीच्या वहीत इंधनाच्या खर्चाशेजारी प्लग कधी तपासले, फट किती होती आणि मीटर किती किलोमीटर दाखवत होता, एवढी नोंद ठेवावी. मायलेज का घसरले याचे उत्तर पुष्कळदा त्याच पानावर सापडते.