शब्दविचार : ‘बाबा’ कोणाचा ?

नुकतेंच आम्ही दौंड तालुक्यांतील भांडगांवीं एका स्नेह्यांकडे गेलों होतों. ओसरीवर रांगतां रांगतां त्यांच्या धाकट्या नातवानें ‘बाबा’ हा पहिला शब्द उच्चारला. त्या घरीं सारे आजोबांसच ‘बाबा’ म्हणतात. त्यांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. इतक्यांत महाविद्यालयांत शिकणारा थोरला नातू म्हणाला, “अहो बाबा, हा शब्द तर तुर्कांचा ! त्याला शुद्ध ‘तात’ म्हणावयास शिकवूं.” आजोबा हिरमुसले.

तुर्की भाषेंत ‘बाबा’ म्हणजे बाप, हें खरें, फारसींतही तेंच. परंतु बल्गेरियन भाषेंत ‘बाबा’ म्हणजे आजी, व बोलचालीच्या रशियनांत बाई ! काकेशस पर्वताकडील जॉर्जियन लोक तर बापास ‘मामा’ म्हणतात. भाषापंडित रोमान याकोब्सन यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत अशा शब्दांची मीमांसा केली आहे. मिटलेले ओठ उघडतांच प, ब, म हे वर्ण सहज निघतात. मूल तेच दुहेरी घोळवितें, आणि त्या बडबडीस अर्थ देतात तीं घरचीं वडील माणसें. म्हणून अशा शब्दांत केवळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाहीं. शिवाय ‘तात’ हाही त्याच जातीचा. पोलंडांतील मुलें बापास ‘ताता’च म्हणतात!

हें ऐकून थोरला नातू वरमला. आजोबांनीं मात्र बाळास उचलून घेतलें व म्हटलें, “ये रे माझ्या बाबा !” आमच्या मराठींत नातूही ‘बाबा’च, हें आम्ही सांगावयाचेंच विसरलों होतों.