मोटारीला शिव्या देऊ नका, केबल मोजा

मंडळी, जॅकवेलवरची २५ एचपीची मोटार परत जळाली. दीड वर्षात तिसरी. कालच्या बैठकीत पुन्हा तेच गुऱ्हाळ: मोटारच डुप्लिकेट, वायंडरने हलकी तार भरली, महावितरणचं व्होल्टेज कमी. ४५० मीटर केबलबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ठेकेदार समोरच बसला होता, त्याला तर ते बरंच झालं.

आता आकडे बघा. परवा मोटार चालू असताना मीटरपाशी मोजलं, ४१० व्होल्ट. त्याच वेळी जॅकवेलच्या स्टार्टरवर ३६०. नियमाने लो-टेन्शनला मीटरपाशी ६ टक्के वर-खाली चालतं, आणि ४१० त्यात आरामात बसतं. म्हणजे महावितरणने दिलं ते बरोबर दिलं. मधले ५० व्होल्ट आपल्याच केबलने खाल्ले.

केबल कोणती? १६ स्क्वेअर एमएम, अॅल्युमिनियम, आर्मर्ड. ठेकेदाराचं उत्तर तयारच असतं, "साहेब, चार्ट बघा, ही केबल ६० अँपिअर सहज ओढते, तुमची मोटार घेते ३५." चार्ट खोटा नाहीच. पण चार्ट एवढंच सांगतो की केबल जळणार नाही. ४५० मीटर लांब टोकाला किती व्होल्टेज पोचेल हे त्यात लिहिलेलं नसतं. ते काढावं लागतं, आणि दहावीच्या पोराला जमेल एवढंच ते गणित आहे. १६ स्क्वेअरच्या अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला १.९१ ओहम, गरम झाल्यावर २.१ धरा. ४५० मीटरला झाला ०.९५. गुणिले ३५ अँपिअर, गुणिले १.७३२, गुणिले पॉवर फॅक्टर ०.८५. उत्तर येतं ५० च्या आसपास. कागदावर पाच मिनिटांत येणारा आकडा आपण तीन मोटारी जाळून मिळवला.

१२ टक्के व्होल्टेज गेलं तर काय होतं? मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळपास २३ टक्के जोर गेला. पाणी तेवढंच उचलायचं, मग ती करंट जास्त ओढते. करंट वाढला की केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं. सुरू होताना तर विचारूच नका. स्टार-डेल्टात जोर आधीच एक तृतीयांश, त्यात ही कपात. मोटार कण्हत फिरते, तापते आणि एक दिवस वास येतो. वायंडर बिचारा फुकट बदनाम.

हेच गणित ५० स्क्वेअरला केलं तर १७-१८ व्होल्ट पडतात, म्हणजे ४ टक्क्यांच्या पुढे, काठावर पास. ७० स्क्वेअरला १२-१३, तीन टक्क्यांच्या आसपास. मी ७० च म्हणेन, कारण गाव वाढतंय आणि उद्या मोटार मोठी होणारच. "महाग पडते" हे मला ऐकायचं नाही. आजच्या केबलमध्ये साडेतीन किलोवॅट नुसते उष्णता होऊन जमिनीत जातायत. ७० ला ते एका किलोवॅटच्या आत येतात. रोज ८ तास पंप धरला तर वर्षाला साडेसात हजारांवर युनिट वाचतात. युनिटला ५ रुपये धरा आणि स्वतः गुणाकार करा. रिवायंडिंगची बिलं आणि टँकरचे पैसे वेगळेच.

आणखी एक गोष्ट, पैशापेक्षा मोठी. केबल बारीक आणि लांब असली की टोकाला अर्थ फॉल्ट झाल्यावर पुरेसा करंटच वाहत नाही, आणि फ्यूज उडत नाही. मोटारीची बॉडी, पाईप, पॅनेल जिवंत राहतं. आर्मर म्हणजे नुसता उंदरापासून संरक्षणाचा पत्रा नाही. तो दोन्ही टोकांना ग्लँडमधून अर्थला जोडावा लागतो. आपल्या जॅकवेलला ग्लँडच नाही, केबल भोकातून आत घुसवलीय आणि आर्मर कापून सोडलाय. तिथे पोरं पोहायला जातात.

आता चौथ्या मोटारीचं अंदाजपत्रक येतंय. त्यात केबलची ओळच नाही, "अस्तित्वातील केबल वापरणे" एवढंच लिहिलंय. शाखा अभियंत्यांना माझे सरळ प्रश्न आहेत. केबलची लांबी नकाशावरून धरली की चरातून, वळणांसकट मोजली? पूर्ण लोडला टोकाला किती व्होल्टेज येणार, त्याचं गणित कुठे आहे? फॉल्ट झाला तर फ्यूज किती वेळात उडणार? आणि खालून कोणाची सही आहे?

"मागच्या योजनेत हीच घातली होती" हे उत्तर चालणार नाही. मागच्या योजनेत डीपी विहिरीला खेटून होता.

सोमवारी ११ वाजता ग्रामपंचायतीत अर्ज देतोय: केबल बदलल्याशिवाय मोटार बसवू नका, आणि अंदाजपत्रकाला व्होल्टेज ड्रॉपचं गणित जोडा. ज्यांना सही करायची आहे त्यांनी यावं. टाँग टेस्टर घेऊन येतो, ज्याला शंका असेल त्याने स्वतः मोजून बघावं.