विमा एजंटाचा वाटा

रविवारची मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात घटकाभर बोलत उभी राहतात, तेव्हा अलीकडे आजारविम्याचा विषय हटकून निघतो. त्यात नवल नाही. आपल्या जोयडा तालुक्यातून मोठ्या दुखण्याच्या माणसास न्यावयाचे म्हणजे लोंढ्यावरून बेळगाव गाठावे, नाही तर अनमोडचा घाट उतरून गोव्यास जावे; आणि तेथील इस्पितळाचे बिल चार दिवसांत वर्षाची सुपारी गिळून टाकते. म्हणून विमा असावा, हे आम्ही पुन्हा सांगत नाही. फॉर्म घेऊन आपल्या ओट्यावर येणाऱ्या एजंटास मोबदला कोण देतो आणि कशाबद्दल देतो, एवढेच आज पाहू. हा प्रश्न विचारणे पुष्कळांस असभ्यपणाचे वाटते. आमच्या मते तो न विचारणेच महागात पडते.

एजंटास पैसे कंपनी देते, पण ते आपल्याच हप्त्यातून. घरगुती आजारविम्यावर ३१ मार्च २०२३पर्यंत हप्त्याच्या १५ टक्क्यांहून अधिक कमिशन देता येत नसे. म्हणजे कुटुंबाचा वार्षिक हप्ता २०,००० रुपये असेल, तर त्यातील ३,००० रुपयांपर्यंत एजंटाचे. आणि पॉलिसी चालू राहील तोवर दरवर्षी. १ एप्रिल २०२३पासून ही ठरीव मर्यादा उठली. आता दर कंपनीचे संचालक मंडळ ठरविते. मात्र कमिशनसुद्धा धरून कंपनीचा एकूण खर्च, ती केवळ आरोग्यविमा करीत असेल तर हप्त्यांच्या ३५ टक्क्यांत आणि इतर सर्वसाधारण विमा कंपनी असेल तर ३० टक्क्यांत राहावा, असा नियम आहे.

या कमाईत पाप नाही. पायपीट करून आडगावी येणाऱ्या माणसाने आपल्या श्रमाचे मोल घ्यावे हे न्याय्यच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात धरावी. कमिशन मिळते ते पॉलिसी विकल्याबद्दल. तुमचे इस्पितळाचे बिल चुकते झाले की नाही, यावर ते अवलंबून नसते. येथेच मोहाचे दार उघडते.

समजा, घरातील वडीलधाऱ्यांस मधुमेह आहे. एजंट म्हणतो, ‘हे लिहू नका, अर्ज अडेल, हप्ता वाढेल.’ फॉर्म इंग्रजीत असतो. आपण विश्वासाने सही करतो. दोन वर्षांनी वडिलांस दवाखान्यात ठेवण्याची पाळी येते, कंपनी जुनी कागदपत्रे मागविते, आणि आजार लपविला म्हणून दावा फेटाळला जातो; पॉलिसीही रद्द होते. सही आपली असते, एजंटाची नव्हे. खरे सांगितले असते तर काय झाले असते? २०२४च्या नियमांप्रमाणे आधीपासून असलेल्या आजारासाठी फार तर ३६ महिने थांबावे लागते. पुढे त्या आजाराचाही खर्च मिळतो. सलग ५ वर्षे पॉलिसी चालल्यावर तर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, कंपनीस असा वाद उकरून काढता येत नाही. सत्य बोलण्याची किंमत तीन वर्षांची वाट. लपविण्याची किंमत सगळा विमा.

दुसरा मोह आपल्या बाजूचा आहे. ‘तुमच्या कमिशनातले थोडे आम्हांस परत द्या’ असे ग्राहकच एजंटास सुचवितात. १९३८च्या विमा कायद्याचे ४१वे कलम असे देणे आणि घेणे, दोन्ही मना करते. २०१५च्या दुरुस्तीने त्याचा दंड १० लाख रुपयांपर्यंत वाढविला. शिवाय ज्याची मजुरी आपणच कापून घेतली, तो रात्री-अपरात्री इस्पितळात धावून येईल ही अपेक्षा कशी करावी?

मोबदल्याची रीत माणसाच्या सल्ल्यास कसे वळण लावते, हे अमेरिकेच्या सरकारने ओळखले आहे. तेथील वृद्धांसाठी २००६पासून सरकारी मेडिकेअर व्यवस्थेत औषधांचा विमा आहे. तो खाजगी कंपन्यांचे एजंटही विकतात. त्यांच्या मोबदल्याची कमाल रक्कम सरकार दरवर्षी ठरविते. २०२५ साली ती नव्या ग्राहकामागे १०९ डॉलर आणि पुढील प्रत्येक वर्षास ५५ डॉलर होती. म्हाताऱ्या माणसास एक औषधयोजना सोडून तशीच दुसरी घ्यावयास लावली, तरी एजंटास निम्मीच रक्कम मिळते. उगाच फिरवाफिरव करण्यात त्याचा लाभच उरू नये, हा हेतू.

आपणही काही पथ्ये पाळू शकतो. प्रथम सरकारी योजना पाहावी. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’ योजनेत वर्षास ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात; तेथे हप्ता नाही, कमिशनही नाही. सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना २०२२ साली पुन्हा सुरू झाली आहे; तिची चौकशी सोसायटीत करावी.

त्यानंतर खाजगी पॉलिसी घेणे असेल, तर एजंटास सरळ विचारावे : यात तुम्हांस किती मिळते? आम्ही ज्या इस्पितळात जाऊ शकतो, ते या कंपनीच्या यादीत आहे काय? दावा करावा लागला तर कागदपत्रांसाठी तुम्ही याल काय? फॉर्म घरातील शिकल्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचवून घ्यावा व मगच सही करावी. नवी पॉलिसी हाती पडल्यावर मनास पटली नाही, तर ३० दिवसांत परत करता येते. दाव्याची तक्रार आधी कंपनीकडे करावी. तेथे न्याय न मिळाल्यास बेंगळुरू येथील विमा लोकपालाकडे जावे. त्यास फी पडत नाही, वकीलही लागत नाही.

विमा एजंट बहुधा परका नसतो. कोणाचा भाचा, कोणाचा शेजारी असतो. त्यास बसावयास पाट द्यावा, चहा द्यावा, त्याच्या श्रमाचा मान राखावा. आजार मात्र एकही लपवू नये, आणि न वाचता सही करू नये.