‘परवानगी द्या’ म्हणजे कोऱ्या कागदावर सही नव्हे



बांधावरून जायला वाट दिली म्हणून कुणी पिकात गुरं सोडत नाही. पण शेतीची बरीच ॲप नेमकं तेच करतात. हवामान बघायला लोकेशन मागतात, ते ठीक. पण फोनमधले सगळे नंबर कशाला? पाऊस काय आपल्या पाहुण्यांना विचारून पडतो का?

फुकट ॲप बहुतेक वेळा जाहिरातीवर चालतं. अँड्रॉइड फोनला एक जाहिरात आयडी असतो. त्याला आपलं ठिकाण, पीक, कीड जोडली की औषध विकणाऱ्याला गिऱ्हाईक आयतं सापडतं. जाहिरातीला माझा विरोध नाही, कृषी केंद्राच्या दारातही पाट्या असतातच. पण ऐन अळी पडल्यावर समोर आलेली जाहिरात सल्ल्यासारखी वाटते आणि गरज नसलेली फवारणी होते. खर्च आपला, माहितीही आपलीच.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली हवी. कायद्यातच उदाहरण आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपनं नंबरांची यादी मागितली आणि माणसानं ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची. सूचना मराठीत वाचायची सोय हवी. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणंही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं लागू व्हायला त्यापुढं १८ महिन्यांची मुदत आहे.

तोवर आपली राखण आपणच करायची. लोकेशन ‘ॲप वापरताना’ एवढंच द्या. गावापुरता अंदाज पुरत असेल तर ‘अचूक’ बंद ठेवा. कॉन्टॅक्टला नकार द्या. सेटिंगमध्ये गूगल, मग जाहिराती, तिथं जाहिरात आयडी हटवता येतो. फोनप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं असतील.

आणि कृषी अधिकारी, कंपनी प्रतिनिधी साहेब, तुम्हालाही एक विनंती. शिवारफेरीत शेतकऱ्याचा फोन हातात घेऊन तुम्हीच भराभर ‘परवानगी द्या’ दाबत जाऊ नका. ॲप काय मागतंय, कशासाठी मागतंय, ते दोन मिनिटं वाचून दाखवा. मग बोट त्याचं त्याला ठेवू द्या. तो ‘नको’ म्हणाला तर तेही ऐका.