आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या सभेत जाऊन बसा. टँकरच्या पाण्याचा हिशेब आणि पार्किंगची भांडणं आटोपली की सुरक्षेचा विषय निघतो. मग ठरावांची जंत्री ठरलेली असते. कंपाउंडची भिंत दोन फुटांनी वाढवा, वर काटेरी तार ओढा, कॅमेरे दुप्पट करा. कामवाल्या बायका घरी जाताना त्यांच्या पिशव्या तपासा. पलीकडच्या पत्र्याच्या वस्तीच्या दिशेने उघडणारं मागचं फाटक कायमचं बंद करा. आणि कुणी ‘संशयित’ दिसला की फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाका. यातल्या निम्म्याअधिक ठरावांना मी स्वतः हात वर केलेला आहे. त्यामुळे आज त्यांच्याविरुद्ध लिहितोय, ते काही फार उंचावरून नाही.

आधी समोरच्यांची बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. म्हैसूरच्या चामराज वडियार महाराजांनी १८८२ साली युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला जमीन दिली. तिथे वसाहत उभी राहिली आणि संस्थेचे प्रमुख डी. एस. व्हाइट यांच्यावरून तिला व्हाइटफील्ड हे नाव पडलं. त्या वसाहतीच्या ‘इनर सर्कल’मध्ये कोण कुणाचा, हे पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असणार. मग गेल्या शतकाच्या अखेरीस टेक पार्क आला, पाठोपाठ टॉवर आले आणि मार्च २०२३ मध्ये मेट्रो कडुगोडीपर्यंत पोचली. आता लिफ्टमधल्या शेजाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. त्यातच १ मार्च २०२४ च्या दुपारी ब्रुकफील्डच्या रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला. आपण जिथे रांगेत उभं राहून इडली खातो तिथेच कुणीतरी बॅग ठेवून गेलं होतं. अशा गावात माणसं घाबरली, तर त्यांना भित्री म्हणण्यात अर्थ नाही. अनोळखी माणसाला ओळखपत्र मागणं यात गैर काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

भीती खरी आहे, हे कबूल. माझं म्हणणं एवढंच की तिच्यावरचं औषध भलत्याच ठिकाणी लावलं जातंय. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पहिली गोष्ट, चोर येतो कुठून? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२३ साली एकट्या बंगळुरात सायबर गुन्ह्यांचे साडेसतरा हजारांवर गुन्हे नोंदले गेले. आणि व्हाइटफील्ड म्हणजे पगारदारांचं आणि मुलांकडे राहायला आलेल्या निवृत्त आईवडिलांचं गाव. इथला चोर भिंत चढत नाही, तो फोन करतो. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका.’ भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची चीजच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये हे देशाला सांगितलं, तरी माणसं अजून फसतात. आता डोळ्यांपुढे आणा. आत एक आजोबा दार लावून व्हिडिओ कॉलसमोर बसलेत, आयुष्यभराची पुंजी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात चालली आहे, आणि बाहेर फाटकावर आपला रखवालदार दूधवाल्याची वही तपासतोय. जिन्यातल्या कॅमेऱ्याला दिसतंय ते फक्त एक बंद दार.

दुसरी गोष्ट, अनोळखी माणसाचं भय. मुलींना आपण शिकवतो की परक्याशी बोलू नकोस. पण देशात नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. अशा माणसाला फाटकावर कुणी अडवत नाही. त्याच्यासाठी ॲपवरून परवानगी आपणच देतो.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. ते काढून टाका असं मी म्हणणार नाही. कॅफेतल्या आणि रस्त्यावरच्या चित्रीकरणात टोपी-मुखपट्टी घातलेला माणूस दिसला, त्याचा तपासाला उपयोग झाला आणि एप्रिलच्या १२ तारखेला बंगालमध्ये दोघांना अटक झाली. पण त्याच कॅमेऱ्यांदेखत बॅग आत गेली होती आणि तिथेच राहिलीही होती. कॅमेरा साक्षीदार आहे, पहारेकरी नव्हे. या विषयावरच्या जगभरच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी तेरा टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, सर्वांत जास्त फायदा वाहनतळांवर झाला, आणि मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. म्हणजे गाडी सांभाळायला कॅमेरा ठीक आहे. माणसाचं म्हणाल तर भरवसा कमी. त्यातून आपल्याकडच्या यंत्राचं घड्याळ वीस मिनिटं मागे असतं आणि भिंगावर कोळ्याचं जाळं.

चौथी गोष्ट सर्वांत गंभीर आहे, ती म्हणजे गटावर टाकलेला फोटो. यावर नेहमीचं उत्तर मिळतं, ‘नुसतं सावध केलं, त्यात काय बिघडलं?’ बिघडतं ते असं. २३ मे २०१८ रोजी याच बंगळुरात, चामराजपेटेत, राजस्थानातून कामाच्या शोधात आलेल्या तरुणाला मुलं पळवणारा समजून जमावाने ठार मारलं. त्यानंतर सव्वा महिन्याने, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांचा तसाच जीव गेला. भिक्षा मागत हिंडणारी ती माणसं सोलापूरकडची होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपण लक्षणेने वापरत होतो. या दोन गावांनी ती शब्दशः खरी करून दाखवली. त्या जमावातल्या लोकांनाही आपण गावाचं रक्षणच करतोय असं वाटत होतं. आपण सुशिक्षित आहोत, हात उचलत नाही, हे मान्य. पण दारूगोळा तोच आहे: एक अर्धवट चित्र, एक ‘काळजी घ्या’, आणि शहानिशा करायची जबाबदारी कुणाचीच नाही.

सुशिक्षितांच्या संशयाची किंमत वेगळ्या तऱ्हेने वसूल होते, इतकाच फरक. जानेवारी २०२० मध्ये इथून जवळच, बेलंदूरजवळच्या करियम्मन अग्रहारात, ‘बांगलादेशी’ असल्याच्या बोभाट्यावरून मजुरांच्या झोपड्या पाडल्या गेल्या. पुढची पाडापाडी उच्च न्यायालयाने थांबवली. तिथे राहणाऱ्यांत उत्तर कर्नाटकातलीही कुटुंबं होती. बाडबिस्तरा उन्हात पडलेली ती माणसं दुसऱ्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या घरी भांडी घासायला जाणारच होती.

इथवर खंडन झालं. ‘मग करायचं काय?’ हा प्रश्न टाळून चालणार नाही.

मराठी माणसाला गडकोटांचं वेड, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. रायगडाची हिरकणी आपल्याला ठाऊक आहे. संध्याकाळी दरवाजे मिटले, घरी तान्हं बाळ होतं, म्हणून दूध विकायला आलेली ही बाई कडा उतरून गेली. आख्यायिकाच आहे, पण तिच्यातला राजकारभार बघण्यासारखा आहे. गडाची कच्ची जागा कुणाला ठाऊक होती? रोज दूध घालणारीला. महाराजांनी तिची पिशवी तपासली नाही. तिचा सन्मान केला, आणि तिने दाखवलेल्या जागी बुरूज बांधला. आपले सभासद म्हणतील, ‘बघा, शेवटी भिंतच बांधली की!’ बांधली, पण कुठे बांधायची हे हिरकणीमुळे कळलं. शिवाय गड नुसत्या तटावर राखला जात नव्हता. पायथ्याच्या मेटांवर रामोशी, महार, कोळी अशी घेरेकरी मंडळी वसवलेली असत, त्यांना जमिनी दिलेल्या असत. गड राहिला तर त्यांचंही राहणार होतं. गावगाड्यातही रामोशी चोराचा माग काढत शिवेपर्यंत जाई. पुढे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली आणि कालांतराने हा जागल्याही त्या यादीत गेला. पहारेकऱ्यालाच संशयित ठरवण्याची आपली रीत तिथून उचललेली आहे.

आता अलीकडचं उदाहरण. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसत, नळाचे नि बोळाचे बारीकसारीक तंटे तिथेच मिटत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. यावर कुणी म्हणेल, दंगल वेगळी आणि घरफोडी वेगळी. खरं आहे. पण दोन्हींत घटना घडण्याआधी तिची कुणकुण कुणाला तरी लागलेली असते. ती आपल्यापर्यंत पोचायची तर त्या ‘कुणाला तरी’ आपल्याशी बोलावंसं वाटलं पाहिजे.

हे व्हाइटफील्डला लावायचं कसं? पहिला रखवालदार. २००५ च्या कायद्यानुसार सुरक्षा एजन्सीला परवाना लागतो, आणि केंद्राच्या आदर्श नियमांत रखवालदाराला शंभर तासांचं वर्गातलं आणि साठ तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे. कंत्राट देताना एजन्सीकडे हे कागद मागा. माणसाला बारा तास उभं करून जागरूकतेची अपेक्षा धरू नका. त्याला खुर्ची द्या, स्वच्छतागृह द्या, नावाने हाक मारा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी घाबरून ईशान्येची हजारो माणसं बंगळूर सोडून गुवाहाटीच्या गाडीत बसली, त्यांत कितीतरी रखवालदार होते. आपली राखण करणाऱ्यांना ‘तुम्ही इथे सुरक्षित आहात’ असं सांगणारं त्या दिवशी आपल्यापैकी कोण होतं?

मग कामवाली. तिची पोलीस-पडताळणी जरूर करा, पण पडताळणी मागचं सांगते, उद्याचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी दोन दिवस दूध आत घेतलेलं नाही, हे आधी तिच्याच लक्षात येतं. ते सांगायला सोसायटीच्या कार्यालयात तिच्यासाठी दार उघडं हवं. एखाद्या घरात तिलाच त्रास होत असेल, तर त्या तक्रारीसाठीही तेच दार. आणि चार वाक्यं कन्नड शिका. ‘ऊट आयता?’ एवढं विचारलं तरी बोलणं सुरू होतं.

तिसरा दिवा. रस्त्यावरच्या प्रकाशयोजनेच्या अभ्यासांचा एक आढावा सांगतो की चांगल्या दिव्यांनी गुन्हे सुमारे एकवीस टक्क्यांनी घटले, आणि गंमत म्हणजे घट दिवसाही झाली. म्हणजे करामत नुसत्या उजेडाची नसावी. कुणीतरी या रस्त्याची काळजी घेतंय, हे लोकांना दिसलं. जेन जेकब्ज या लेखिकेने १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की रस्ता राखतात ते त्यावर नजर असलेले दुकानदार आणि रहिवासी. आपण तर सुरक्षेच्या नावाखाली फाटकाबाहेरचा इस्त्रीवाला आणि शहाळीवाला हटवतो, मग तिथे कॅमेरा बसवतो. दोघांचा पगार शून्य होता.

राहता राहिला फोन. इथे नियम एकच पुरे: ‘कुणाला सांगू नका’ असं जो म्हणतो, त्याचा फोन ठेवायचा आणि शेजाऱ्याचं दार वाजवायचं. सगळा सापळा एकटेपणावर उभा असतो, दुसरं माणूस खोलीत आलं की तो कोसळतो. पैसे गेलेच, तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावं. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. बेवारस बॅग किंवा खरोखर शंकास्पद माणूस दिसला, तर फोन ११२ ला करा, फोटो गटावर नको. आणि ठाण्यात कुणी ‘ही आमची हद्द नाही’ म्हणालं, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते.

यांतलं काहीही भिंतीइतकं दिसत नाही, त्यामुळे सभेत टाळ्या मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. भिंतीचं बिल दाखवता येतं, ओळखीचं येत नाही. तरी पुढच्या सभेत मागच्या फाटकाचा ठराव आला की मी उपसूचना मांडणार आहे: फाटक सकाळी सहा ते रात्री दहा उघडं ठेवावं, बाहेर चांगला दिवा लावावा, आणि हटवलेल्या इस्त्रीवाल्याला त्या दिव्याखाली जागा द्यावी. काटेरी तारेच्या खर्चात हे सगळं बसतं, मी हिशेब केला आहे. फक्त अनुमोदक मिळालेला नाही. शेजारच्या दारावर मी अजून टकटक केलेली नाही, हेही कबूल करतो. आज संध्याकाळी करीन.