प्रभागाचा कायदा आत्ताच ठरवून घ्या



१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबई वगळता बहुतेक शहरांत प्रभाग चार सदस्यांचा असल्यामुळे आपण चार-चार मते दिली. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब ची गुलाबी, क ची पिवळी, ड ची निळी. चौथे बटण दाबल्यावर बझर वाजला, तेव्हा मतदान पुरे झाले. यंत्रासमोर गोंधळून उभे राहिलेले ज्येष्ठ नागरिक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील.

निवडणूक झाली, आता प्रभागात किती सदस्य असावेत हा विषय कशाला, असे कोणी विचारेल. पण विषय काढायची वेळ हीच आहे. पुढच्या निवडणुकीत कोणाचे वारे असेल हे आज कोणालाच ठाऊक नाही, म्हणून आजच नियम न्यायाने ठरू शकतो. वर्ष-दीड वर्ष उरले की प्रत्येक पक्षाचा हिशेब सुरू होतो आणि मग न्याय मागे पडतो.

गेल्या पंचवीस वर्षांत काय झाले ते पाहा. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. २०१९ मध्ये पुन्हा एकचा निर्णय झाला, २०२१ मध्ये तो तीनवर गेला, सरकार बदलले आणि पुन्हा चार. या काळात सत्तेत नसलेला मोठा पक्ष राज्यात नाही, त्यामुळे कोणालाच हात झटकता येणार नाहीत. ज्याला निवडणूक लढवायची आहे त्यानेच दर वेळी मैदान आखून घ्यायचे, हे आपण किती दिवस चालू देणार?

प्रभाग चारचा असला की नेमके काय होते? समजा, ५० हजार लोकांनी मतदान केले. एका पक्षाचे २० हजार मतदार, दुसऱ्याचे १५ हजार, तिसऱ्याचे १५ हजार. अ, ब, क, ड या प्रत्येक जागेची लढत वेगळी असल्यामुळे, लोकांनी पॅनेल पाहून मते दिली तर पहिल्या पक्षाच्या चारही जागा येतात. उरलेल्या ३० हजारांचा सभागृहात एकही माणूस नाही. वॉर्ड एकाचा असता तर वस्तीवस्तीतली वेगळी ताकद निदान कुठेतरी उमटली असती. मोठ्या प्रभागात ती बुडून जाते. पुण्यात १६५ नगरसेवकांसाठी ४१ प्रभाग झाले, म्हणजे एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त लोक. पदरचे पैसे घालून लढणारा अपक्ष कार्यकर्ता एवढ्या घरांपर्यंत पोहोचणार कसा? आणि ड्रेनेज तुंबले की चौघांपैकी कोणाला धरायचे, हा प्रश्न तर रोजचाच.

उरलेल्या मतदारांना प्रतिनिधीच न मिळण्याचे हे दुखणे बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघ होते, पण मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. याला संचयी मतदान म्हणतात. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून निवडून आले आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने लढवलेल्या १७ जागांपैकी बहुतेक जिंकल्या. १९५२ मध्ये उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन सदस्यांचाच होता, पण दोन्ही मते एकाला देण्याची मुभा नव्हती. तिथे ते हरले. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचयी मतदान यांचीच मागणी केली.

तोच नियम वरच्या प्रभागाला लावा. पंधरा हजार लोकांनी चारही मते एकाच उमेदवाराला दिली तर त्याला ६० हजार मते पडतात आणि त्याला कोणी पाडू शकत नाही. निकाल दोन, एक, एक असा लागतो. आरक्षण यात कसे बसवायचे हे काळजीपूर्वक ठरवावे लागेल. पण १९३७ मध्ये राखीव जागा आणि संचयी मतदान एकत्र नांदले होते. आपले आमदारही राज्यसभेसाठी पसंतिक्रमाने, प्रमाणशीर पद्धतीनेच मत देतात. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातली सहावी जागा दुसऱ्या पसंतीच्या मतांवर ठरली. स्वतःसाठी जी पद्धत त्यांना रास्त वाटते, ती नागरिकांना अवघड कशी?

यासाठी संविधान बदलायला नको. ७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिका निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला दिलेला आहे.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. आपल्या सोसायटीच्या, बचत गटाच्या, मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या आमदाराला एक पानी पत्र लिहा आणि त्यात दोनच मागण्या करा. पहिली, प्रभागात किती सदस्य हे कायद्यात पक्के करा आणि निवडणुकीच्या आधीच्या दोन वर्षांत त्याला हात लावायला मनाई करा. दुसरी, प्रभाग एकाहून अधिक सदस्यांचा ठेवायचा असेल तर मतदाराला सगळी मते एका उमेदवाराला देण्याचा हक्क द्या. पत्रावर शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, ते आमदाराच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. येत्या अधिवेशनाच्या आत हे व्हायला हवे.